फोटोतले पिवळे दात: लाइटरूममध्ये उजळायचे की फोटोशॉपमध्ये?

लग्नाच्या ऑर्डरमधले शेकडो फोटो द्यायचे असतील तर लाइटरूम, म्हणजे ढीगभर फोटो एकत्र सुधारायचं सॉफ्टवेअर. एकच मोठा क्लोजअप फ्रेम होऊन भिंतीवर लागणार असेल तर फोटोशॉप. माझं मत एवढंच, पण दोन्हीकडे काम बिघडतं ते वेगवेगळ्या कारणांनी, आणि निवड करताना ती कारणंच जास्त कामाला येतात.

त्याआधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडामुळे सगळ्या फोटोवर चढलेली रंगछटा काढणं. हळदीच्या फोटोंत साडी पिवळी, गाल पिवळे, वरचे बल्बही पिवळे. तिथे दातांचा काय दोष? टेम्परेचरचा स्लायडर आधी जागेवर आणा, बऱ्याच फोटोंत पुढचं काही करावंच लागत नाही.

लाइटरूम क्लासिकच्या १२व्या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२२) मास्किंगमध्ये (फोटोचा ठरावीक भाग निवडून फक्त तिथेच बदल करायची सोय) माणूस निवडला की दात, ओठ, डोळ्यांचा पांढरा भाग असे वेगवेगळे पर्याय मिळतात. दातांवर टिक करायची, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उणे ३०च्या आसपास, एक्स्पोजर (उजेड) जेमतेम ०.२० वर. खरी मजा पुढे आहे: हीच सेटिंग बाकीच्या फोटोंवर सिंक केली की प्रत्येक चेहऱ्यासाठी मास्क नव्याने तयार होतो. मात्र ग्रुप फोटोतल्या लांबच्या चेहऱ्यांवर त्याचा भरवसा नाही. शिवाय सॅच्युरेशन मास्कमधले सगळेच रंग एकदम उतरवतं. मास्क हिरड्यांवर सांडला की त्या राखाडी पडतात, आणि असा चेहरा आजारी दिसतो. ब्रशसोबत मिळणारा ‘टीथ व्हायटनिंग’ प्रीसेट (तयार सेटिंग) मला तरी भडक वाटतो, तो निम्म्यावर आणूनच वापरावा.

फोटोशॉपमध्ये ह्यू/सॅच्युरेशनचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ फोटोला हात न लावता वरून बदल करणारा थर) घ्या, ‘मास्टर’ऐवजी ‘यलोज’ निवडा, सॅच्युरेशन उणे ४० ते ५०, लाइटनेस थोडा वर. मास्क कंट्रोल-आयने उलटा करून मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त दात रंगवा. इथे पिवळ्यालाच हात लागतो, त्यामुळे ब्रश जरा घसरला तरी हिरड्यांचा लाल-गुलाबी रंग बहुतेक शाबूत राहतो. क्लोजअपसाठी मी हीच पद्धत निवडेन. वेळ जातो, हे खरं.

पण पान-तंबाखूचे डाग लालसर तपकिरी असतात, ते ‘यलोज’मध्ये नीट सापडत नाहीत. ‘रेड्स’ला हात घालावा लागतो आणि मग मास्क अगदी काटेकोर हवा, नाहीतर ओठांचा रंगही जातो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडतात. ते काढायचे तर हीलिंग ब्रशच (आजूबाजूचा भाग घेऊन डाग झाकणारा ब्रश) लागतो, पण आधी त्या माणसाला विचारा. लहानपणापासूनचे डाग परस्पर पुसून टाकणं मला पटत नाही.

फोटोशॉपमधलं डॉज टूल या कामाला घेऊच नका. ते फक्त उजळ करतं, पिवळा रंग फिकट पिवळा होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीपुरतं मोबाइलवरचं स्नॅपसीड पुरेसं आहे.

पद्धत कोणतीही घ्या, थांबायचं कुठे हा प्रश्न तोच. दातांचं एनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि खालचं डेंटिन पिवळसर, म्हणून निरोगी दातही कागदासारखा पांढरा नसतो. सुळे पुढच्या दातांपेक्षा जरा गडद, मागचे दात गालाच्या सावलीत. सगळे एका रंगाचे केलेत की कवळी बसवल्यासारखं दिसतं. माझं माप डोळ्यांचा पांढरा भाग, दात त्याहून उजळ जाऊ द्यायचे नाहीत. आकडे बघून काम करत असाल तर फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये (कर्सरखालच्या रंगाचे लाल-हिरवा-निळा आकडे दाखवणारी चौकट) निळ्याचा आकडा लालपेक्षा थोडा कमीच राहू द्या.

अडोबीच्या फोटोग्राफी प्लॅनमध्ये दोन्ही सॉफ्टवेअर मिळतात, त्यामुळे एकच धरून बसायची गरज नाही. सगळी ऑर्डर लाइटरूममध्ये करा, आणि अल्बमच्या मुखपृष्ठासाठी किंवा फ्रेमसाठी निवडलेले मोजके फोटो कंट्रोल-ईने फोटोशॉपमध्ये न्या. फक्त नेण्याआधी त्या फोटोंवरचा लाइटरूममधला दातांचा मास्क काढून टाका, नाहीतर दात दोनदा पांढरे होतील.