ब्रँडाइस विद्यापीठातील कोशर भोजनगृह आणि शुक्रवारचे जेवण

मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला वॉल्थॅम येथे असलेल्या ब्रँडाइस विद्यापीठात शर्मन नावाचे भोजनगृह आहे. त्याचा एक भाग सर्वांसाठीचा आणि दुसरा भाग कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार चालणारा आहे. तेथील हेलर स्कूलमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी या कोशर भागात नियमितपणे जेवले. मी ज्यू नाही. शाकाहारी मराठी घरात वाढले आहे. शाकाहारी माणसाला या ठिकाणाचा किती उपयोग होतो, हे सांगणे हा या परीक्षणाचा एक हेतू आहे. परंतु या भोजनगृहाभोवती ज्यू विद्यार्थ्यांचे जे सामूहिक जीवन उभे राहिले आहे, त्याबद्दल लिहिणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते नीट समजून घेतल्याशिवाय तेथील ताटात काय आहे आणि काय नाही हेही समजत नाही.

आधी स्वयंपाकघराविषयी. मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही, एकत्र खायचे नाही आणि दोहोंची भांडीही वेगळी ठेवायची, हा कोशर स्वयंपाकाचा पाया आहे. भाजीच्या पानात किडा राहिला नाही ना इथपासून ते भट्टी कोणी पेटवली इथपर्यंत सगळ्यावर देखरेख करणारा मशगियाख असतो आणि त्याच्या संमतीशिवाय कोणताही जिन्नस आत येत नाही. ज्या पदार्थात मांसही नाही आणि दूधही नाही त्याला पारेव्ह म्हणतात. आपल्याकडील विद्यार्थी येथेच हमखास फसतात. पारेव्ह म्हणजे शाकाहारी नव्हे, कारण अंडी आणि मासे हे दोन्ही पारेव्हच मानले जातात. तसेच दुग्धजन्य पदार्थांच्या बाजूला मांस नसेल याची खात्री असते, पण मासा असू शकतो. जिलेटिन कोशर असले तरी ते माशाचे किंवा विधिपूर्वक कापलेल्या गुराचे असू शकते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी तर या नियमांत काहीच सोय नाही. तरीही एक लाभ मोठा आहे. अमेरिकेत भाजीच्या सूपमध्ये मांसाचा रस्सा आहे की नाही हे वाढणाऱ्यालाच अनेकदा ठाऊक नसते. कोशर स्वयंपाकघरात दुधाच्या बाजूच्या सूपमध्ये तो असूच शकत नाही आणि विचारले तर नेमके उत्तर मिळते. जिन्नस कुठून आला हे जेथे काटेकोरपणे पाहिले जाते, तेथे प्रश्न विचारणाऱ्यालाही मान असतो.

दुधाशिवाय मांसाला दाटपणा कसा आणायचा, हा प्रश्न कोकणातील बेने इस्रायलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने, फार पूर्वीच नारळाच्या दुधाने सोडवला होता. त्यामुळे अलिबाग, ठाणे किंवा मुंबई येथील बेने इस्रायल कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याला शर्मनमधील नियम परके वाटणार नाहीत. चव मात्र वाटेल. अमेरिकेतील महाविद्यालयांमध्ये ज्यू जीवन म्हणून जे समोर येते ते बहुतांशी पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी परंपरेचे असते, आणि सूप, पाव, प्रार्थनेच्या चाली, सणांची नावे या सर्वांवर तिचीच छाप असते. मलिदा, म्हणजे एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ गूळ, खोबरे आणि पोहे घालून केला जाणारा प्रसाद, किंवा किद्दुशसाठी, म्हणजे सणावारी जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचे सरबत, या गोष्टी तेथील बहुसंख्य ज्यू विद्यार्थ्यांनी ऐकलेल्याही नसतात. मराठी मातृभाषा असलेल्या ज्यू विद्यार्थ्याला आपली ओळख पुन्हा पुन्हा समजावून सांगण्याची तयारी ठेवावी लागते. हे एका विद्यापीठाचे वैगुण्य नव्हे. अमेरिकेतील या संपूर्ण क्षेत्रातच ही उणीव आहे आणि ती भरून निघावी असे मला मनापासून वाटते.

आता शुक्रवारविषयी, कारण या सेवेचे खरे मोल त्या संध्याकाळी कळते. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडा आधी सुरू होतो. वॉल्थॅममध्ये डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये रात्री सव्वाआठ वाजून जातात, त्यामुळे प्रार्थनेची वेळ ऋतूप्रमाणे सरकत राहते. या वेळी विद्यार्थी आपापल्या परंपरेप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी जमतात. ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेत स्त्रिया आणि पुरुष पडद्याच्या दोन बाजूंना बसतात आणि मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या किमान संख्येसाठी, दहा पुरुष मोजले जातात. मासोर्ती, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह गटात पारंपरिक हिब्रू प्रार्थना तीच, पण तेथे स्त्रियाही मोजल्या जातात आणि प्रार्थना चालवतात. रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी गटात गिटार आणि इंग्रजी दोन्हींना जागा असते. या प्रार्थना विद्यार्थी स्वतः चालवतात. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जवळपास असतात, सल्ला देतात, पण पुढे उभा राहणारा बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. प्रार्थना संपली की हे सगळे गट शर्मनच्या कोशर भागात येतात आणि एकत्र जेवतात.

एकत्र प्रार्थना करणे ज्यांच्या तत्त्वात बसत नाही, त्यांनी एका पंगतीला बसावे म्हणून जेवण सर्वांत कडक नियम पाळणाऱ्याच्या कसोटीला उतरेल असे केले जाते. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. जो कमी नियम पाळतो त्याचे त्यात काही अडत नाही, आणि जो अधिक पाळतो तो उपाशी राहत नाही. आपल्याकडे सार्वजनिक पंगतींमध्ये कोणाच्या नियमाला किती मान द्यावा यावरून जे वाद होतात, ते आठवले की या व्यवस्थेमागील विचाराची किंमत कळते.

पाहुण्याने काही गोष्टी जाणून जावे. टेबलावर दोन खल्ला, म्हणजे वेणीसारखे गुंफलेले पाव, झाकून ठेवलेले असतात. किद्दुश झाल्यावर अनेक जण हात धुतात आणि पावावरील आशीर्वाद म्हणून घास घेईपर्यंत बोलत नाहीत. या वेळी शेजाऱ्याला प्रश्न विचारला तर तो फक्त हसून मान हलवेल, त्यात अनादर नाही. फोन खिशातच ठेवावा आणि छायाचित्रे काढू नयेत, कारण शब्बाथ पाळणारे विद्यार्थी विजेची उपकरणे वापरत नाहीत. याच कारणाने कार्ड दाखवून आत जाण्याची इतर दिवसांची पद्धत त्यांना या दिवशी अडचणीची ठरते आणि जेवणाची नोंद आधी करण्याला महत्त्व येते. घरून केलेले बेसनाचे लाडू प्रेमाने नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. बाहेरचा शिजवलेला पदार्थ कोशर भागात चालत नाही. न कापलेले फळ किंवा प्रमाणपत्राची खूण असलेले बंद पाकीट न्यायचे असेल तरी आधी विचारावे. जेवण संपल्यावर टेबलावर ताल धरून गाणी होतात, ती लांबतात, आणि मग जेवणानंतरची प्रार्थना होते. मधेच उठून गेले तर कोणी रागावत नाही, पण मी शेवटपर्यंत थांबण्याचाच आग्रह करेन.

हे सर्व घडवून आणणारी संस्था म्हणजे हिलेल. तिची सुरुवात 1923 साली इलिनॉय विद्यापीठात झाली आणि आज अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत तिची शाखा आहे. ब्रँडाइसशी तिचे नाते विशेष आहे, कारण विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष एब्राम सॅकर हे त्याआधी हिलेलचे राष्ट्रीय संचालक होते. 1922 साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला होता, आणि पुढील दोन दशके अनेक नामवंत संस्थांनी उघड किंवा छुप्या मार्गांनी तेच केले. या पार्श्वभूमीवर 1948 साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिले ज्यू न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांच्या नावाने, ज्यू समाजाच्या पाठबळावर, पण सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले असे हे विद्यापीठ उभे राहिले. आवारात ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी तीन प्रार्थनामंदिरे एका लहानशा तळ्याभोवती आहेत आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये अशा बेताने ती बांधलेली आहेत. ती आवर्जून पाहावीत.

वेळापत्रकाचा उल्लेख करायला हवा. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, योम किप्पुर हा उपवासाचा व प्रायश्चित्ताचा दिवस आणि सुक्कोथ या मांडवांच्या सणाचे मुख्य दिवस, या वेळी येथे वर्ग भरत नाहीत. बेने इस्रायल ज्याला नव्याचा सण म्हणत आले तो रोश हशाना आणि त्यानंतरचे सण सत्राच्या सुरुवातीलाच येत असल्यामुळे पहिले काही आठवडे तुटक वाटतात. बुडालेले वार भरून काढण्यासाठी एखादा बुधवार 'ब्रँडाइस सोमवार' म्हणून जाहीर होतो आणि त्या दिवशी सोमवारचे तास होतात. नव्या विद्यार्थ्याने हे वेळापत्रक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. इतर विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्याला परीक्षा की सण असा प्रश्न दरवर्षी पडतो आणि प्रत्येक प्राध्यापकाकडे स्वतंत्र विनंती करावी लागते. येथे तो भार त्याच्या डोक्यावरून उतरलेला असतो.

शाकाहारी मराठी माणसाची खरी परीक्षा पेसाखच्या, म्हणजे मिसरमधील गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या, आठवड्यात होते. या काळात खमीर चढलेले धान्य वर्ज्य असते, म्हणून पाव, पास्ता, केक हे सर्व जाऊन त्यांच्या जागी मात्झा, म्हणजे बिनखमिराची पातळ रोटी, येते. पण अश्केनाझी परंपरेत याशिवाय तांदूळ, मसूर, हरभरा, राजमा, मका अशा पदार्थांचाही त्याग करतात. म्हणजे वरण आणि भात, दोन्ही एकदम जातात. उरतात बटाटे, भाज्या, फळे, अंडी, चीज आणि सुकामेवा. कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या अमेरिकेतील धर्मसमितीने 2015 साली तांदूळ आणि कडधान्यांना परवानगी दिली, आणि बेने इस्रायल तर पेसाखमध्ये भात खातच आले आहेत. परंतु सामूहिक स्वयंपाकघर कडक नियमालाच धरून चालते, आणि जो नियम शुक्रवारी सर्वांना एकत्र आणतो तोच येथे डाळ-भात बाजूला ठेवतो. हे मला विसंगत वाटले नाही, मात्र त्या आठवड्यात आपल्या खोलीवरील कुकर हाच शाकाहारी विद्यार्थ्याचा आधार असतो. सेदेरला, म्हणजे पेसाखच्या पहिल्या रात्रीच्या विधिपूर्वक जेवणाला, कोणी बोलावले तर मात्र अवश्य जावे. त्या रात्री प्रश्न विचारणे हा विधीचाच भाग असतो, त्यामुळे पाहुण्याला संकोच उरत नाही.

2023च्या ऑक्टोबरमधील इस्रायलवरील हमासचा हल्ला आणि गाझातील युद्ध यांनंतर अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये निर्माण झालेला तणाव ब्रँडाइसमध्येही पोहोचला. त्या नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने पॅलेस्टाइन समर्थक विद्यार्थ्यांच्या एका संघटनेची मान्यता काढून घेतली आणि त्यावर आवारात निदर्शने झाली. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व ज्यू विद्यार्थी एका मताचे वाटतात, तसे ते नाहीत. इस्रायलच्या धोरणांविषयी त्यांच्यात तीव्र मतभेद आहेत आणि ते जेवणाच्या टेबलावरही निघतात. पाहुण्याने ऐकावे, आणि विचारल्यास आपले मत सांगावे.

खर्चाबाबत एवढेच, की अमेरिकेत कोशर मांस साध्या मांसापेक्षा महाग असते आणि त्यामुळे कोशर जेवणाचा खर्च सर्वत्र अधिक येतो. पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा आवाराबाहेर राहतात, त्यांना रोजची भोजनयोजना घेण्याचे कारण नाही. अधूनमधून दारात पैसे भरून जेवणे त्यांना परवडते. आवाराबाहेरून येणाऱ्यांसाठी फिचबर्ग रेल्वेमार्गावरील ब्रँडाइस/रॉबर्ट्स हे स्थानक अगदी जवळ आहे, मात्र परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण शुक्रवारचे जेवण घाईने उरकण्यासारखे नसते. पहिल्या भेटीसाठी सुक्कोथनंतरचा, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमधील एखादा शुक्रवार निवडावा, हिलेलला दोन दिवस आधी कळवावे आणि आपण शाकाहारी असल्यास मासे व अंडीही खात नाही हे स्पष्ट लिहावे. बेने इस्रायल पालकांनी प्रवेशापूर्वी मुलांसह एक शब्बाथ तेथे काढावा आणि तिन्ही प्रार्थनांना थोडा थोडा वेळ बसून पाहावे. कोणत्या गटात आपले मूल रमेल, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही.