चारही मॉड्यूल चालू ठेवायची की गरजेपुरतीच?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचा मॉड्युलर यूपीएस (वीज गेली तरी पुरवठा चालू ठेवणारी, एकत्र चालणाऱ्या सुट्या मॉड्यूलची यंत्रणा) घ्या: 25 किलोवॉटची चार मॉड्यूल. दिवसा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनांचा मोठा भार, रात्री मात्र सर्व्हर आणि कॅमेरे मिळून जेमतेम 10 किलोवॉट.

चारही मॉड्यूलनी भार सारखा वाटून घेतला तर कंट्रोल सोपा राहतो. एखादं बंद पडलं तरी बाकीची लगेच सांभाळून घेतात. पण रात्री प्रत्येकावर फक्त अडीच किलोवॉट, म्हणजे 10 टक्के! पंखे, कंट्रोल कार्ड, इंडक्टरच्या (तारेच्या गुंडाळीच्या) गाभ्यातला ऊर्जेचा व्यय हे भाराच्या प्रमाणात उतरत नाहीत. त्यातून उष्णता होते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात ती बाहेर काढायला एसीचं बिल वेगळं.

दुसरा मार्ग म्हणजे भार उतरला की जादा मॉड्यूल झोपवायची. खरी मेख सेटिंगमध्ये आहे. मी तरी रात्री दोन चालू ठेवीन, एकावर कधीच विसंबणार नाही. तिसरं एकूण भार 20 किलोवॉटला पोचला की जागं करावं, कारण तोवर दोघांतलं एक गेलं तरी उरलेलं एकटं निभावतं. झोपवावं मात्र 14 च्या खाली. दोन्ही आकडे एकच ठेवले तर भार थोडा हलला की मॉड्यूल सारखं चालू-बंद होतं, रिले (आपोआप चालणारे स्विच) झिजतात. शिवाय झोपायची पाळी फिरती हवी.

दिवस-रात्रीच्या भारात एवढी तफावत असेल तर मी हा दुसरा, मॉड्यूल झोपवायचाच मार्ग घेईन. भार मिनिटामिनिटाला उसळत असेल, तिथे मात्र चारही चालू राहू द्यावीत.