‘कोच मॅडम’ आणि सासऱ्यांची शुगर

सासरे रोज सकाळी बागेत फिरायला जातात. तिथेच एका बाईंनी त्यांना गाठलं, “काका, फुकट बॉडी चेकअप आहे.” नाशिकला आमच्या भागात असे न्यूट्रिशन क्लब गल्लोगल्ली झालेत. भाड्याचा फ्लॅट, भिंतीवर ‘आधी आणि नंतर’चे फोटो, मिक्सरची घरघर आणि पांढरा कोट घातलेल्या कोच मॅडम.

दोन्ही हातांनी धरायचं एक यंत्र त्यांना दिलं. आकडा आला: शरीराचं वय 78. सासरे 66 चे. झालं, माणूस हादरला. ते यंत्र अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतं. अंगातलं पाणी कमी-जास्त झालं तरी आकडा हलतो. पण तिथे हे सांगणार कोण?

शेक, ‘हर्बल’ चहा, फायबर, वर प्रोटीनचा डबा, असे महिन्याला साडेसात हजार. पैसे मॅडमच्या स्वतःच्या खात्यावर, पावती नाही. (पावती मागाच. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात काहीतरी हवं.) किडनी कशी चालते हे दाखवणारं क्रिएटिनिन किती, हे न विचारताच प्रोटीन सुरू केलं. वर सल्ला, “शुगरच्या गोळ्या म्हणजे केमिकल, हळूहळू सोडा.” सासऱ्यांनी घरात कुणाला न सांगता रात्रीची गोळी सोडली. वजन उतरलं म्हणून आम्ही सगळे खूश, आणि पुढच्या तपासणीत एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 7.2 वरून थेट 9.6! डॉक्टर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मॅडम डब्यावरच्या एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 14 आकडी परवाना क्रमांकावर बोट ठेवून “सरकारमान्य आहे” म्हणायच्या. तो परवाना खाद्यपदार्थांच्या धंद्याचा, मधुमेह बरा करण्याचा नव्हे. त्याच डब्यावर बारीक इंग्रजीत ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापलेलं होतं. त्यावर कधी बोट गेलं नाही.

नंतर डॉक्टरांनी हॉस्पिटलमधल्या डाएटिशियनकडे पाठवलं. त्यांनी आधी रिपोर्ट पाहिले, मग घरात महिन्याला तेल किती लागतं, उपवासाला साबुदाणा होतो का, गोळी जेवणाआधी की नंतर, असं सगळं खोदून विचारलं. भाकरी, मेथी, मटकीची उसळ तीच ठेवली, फक्त प्रमाण बदललं. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, “ते डॉक्टर ठरवतील.” फी सातशे रुपये, आणि विकायला काहीही नाही.

त्यांच्या नावापुढे ‘आरडी’ होतं, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. त्यासाठी आहारशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण, हॉस्पिटलमधली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा लागते. नोंदणी क्रमांक बेधडक विचारा, खरा माणूस चिडत नाही. ‘न्यूट्रिशनिस्ट’ची पाटी दिसली तर पदवी कुठली ते विचारा. एमएससी केलेलेही असतात आणि चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही. ‘वेलनेस कोच’ला मात्र पदवीची गरजच नसते.

उरलेले डबे परत द्यायला मी क्लबवर गेले. फोडलेला माल परत घेत नाही म्हणाल्या. मग खुर्ची पुढे सरकवून, “ताई, तुम्हीच कोच व्हा ना. डबे सवलतीत मिळतील, आणि सर्टिफिकेट आम्हीच देतो.”