जुन्या पंपाची जागा: तेलकट माती उचलायची की तिथेच साफ करायची?

महामार्गालगतच्या पेट्रोल पंपाचा भाडेकरार संपला, जमिनीतल्या टाक्या निघाल्या आणि खड्ड्यातल्या मातीला डिझेलचा वास येतोय. अशा जागामालकापुढे सहसा दोन कोटेशनं येतात. एकात सगळी माती उचलून नेण्याचं काम असतं, दुसऱ्यात जिवाणू वापरून जागेवरच सफाई. रकमा बघण्याआधी जमिनीखाली काय आहे ते बघा, कारण खान्देशात ते दर दहा-वीस किलोमीटरवर बदलतं.

आधी उचलण्याचा हिशोब. दहा बाय दहा मीटर जागा तीन मीटर खोल काढली तर ३०० घनमीटर, म्हणजे सुमारे १०६ ब्रास, साधारण पाचशे टन. ही माती कुणाच्या भरावात टाकून मोकळं होता येत नाही. तपासणीत घातक ठरली तर २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत केंद्रातच जाते, प्रत्येक गाडीसोबत मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे गेला याची नोंद असलेला कागद) लागतं, आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी ही सगळीच केंद्रं इथून लांब. त्यामुळे डंपरचा खर्च मोठा. पण काम आठवड्यांत उरकतं आणि खड्ड्याच्या तळाचे, भिंतींचे नमुने लॅबमध्ये देऊन बांधकामाला लागता येतं.

जिवाणूंचं कोटेशन असेल तर एकच प्रश्न विचारा: माती वर काढून की जमिनीत सोडून? काळ्या मातीत द्रावण सोडणं मला पटत नाही. ओली असताना ती इतकी घट्ट होते की द्रावण पसरत नाही, आणि उन्हाळ्यात ते भेगांमधून सरळ खाली निघून जातं. तीच माती वर काढून जाड प्लास्टिकवर ढीग लावला तर गोष्ट वेगळी. एक किलो तेल कुजायला सुमारे तीन किलो ऑक्सिजन लागतो, म्हणून खरं काम ढीग उलटत राहण्याचं आहे. ढेकळं मोकळी राहावीत म्हणून पऱ्हाट्यांचा चुरा मिसळावा. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण साधारण १००:१०:१ ठेवावं. युरिया आणि सुपर फॉस्फेटवर ते जमतं. मे महिन्यात ढीग कोरडा पडला की जिवाणू थांबतात, पावसात उघडा राहिला की तेल धुऊन निघतं, म्हणून पाणी आणि ताडपत्री दोन्ही लागतात. डिझेल काही महिन्यांत बरंच उतरतं, इंजिन ऑइल रेंगाळतं. पेट्रोल बहुतेक हवेतच उडतं, त्यामुळे शेजारी वस्ती असेल तर हा मार्ग नको.

जमिनीखालच्या पाण्यापर्यंत तेल पोहोचलं असेल तर माती काढून भागत नाही. निरीक्षण विहिरीत (पाणी तपासण्यासाठी मारलेल्या अरुंद बोअरमध्ये) पारदर्शक बेलर, म्हणजे पाण्याचा नमुना काढायची नळी, सोडून वर काढा: पाण्यावर तेलाचा वेगळा थर दिसला तर आधी तो उपसायचा, बाकी सगळं नंतर. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि हा थर वर-खाली होत मधल्या मातीला माखत जातो. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत वाळूचे थर असतील तर पाण्याखाली हवा सोडणं आणि वरून तेलाची वाफ खेचणं चांगलं चालतं; मध्ये चिकणमातीचा पट्टा आला की हवा अडते. धुळ्याकडच्या मुरूम आणि काळ्या पाषाणात पाणी भेगांतून धावतं, तिथे उपसून शुद्ध करण्याला वर्षं लागतात. उपसा करणारा पंप बंद केला की भेगांतलं तेल पुन्हा पाण्यात उतरतं. अशा जागी नवीन खोल बोअर मारू नका, वरचं तेल खालच्या पाण्यात जायला तीच वाट होते.

माझा कल असा: डाग लहान, उथळ आणि बांधकाम तोंडावर असेल तर उचला. डिझेल असेल, मोकळी जागा आणि एक वर्ष हाताशी असेल तर ढीग लावा. काहीही निवडा, शेजारच्या पिण्याच्या विहिरीत बेंझिन (पेट्रोलमधला विषारी घटक) तपासून घ्याच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि इतकं कमी बेंझिन वासावरून कळत नाही. पाण्याच्या कामात ठेकेदाराचा शेवटचा हप्ता उपशाचा पंप बंद करून एक पावसाळा उलटल्यावर घेतलेल्या नमुन्यांवरच द्या, आणि ही अट करारात आधीच लिहून घ्या.