ओरिगामीचं पाकीट, तीन महिने वापरून: 2 मिलिमीटरचा बांध

नोव्हेंबरात मागवलेलं ओरिगामीच्या, म्हणजे घड्या घालून वस्तू करायच्या, कागदांचं पाकीट आता संपत आलंय, म्हणून लिहायला बसलो. 200 कागद, 15 सेंटिमीटरचे, एक बाजू रंगीत, एक पांढरी, सोबत हिवाळी नमुन्यांची पुस्तिका. किंमत 349 रुपये, म्हणजे कागदामागे पावणेदोन रुपये. रंग छान आहेत वगैरे सगळ्यांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. हा कागद चौरस नाही.

एक बाजू 150 मिलिमीटर, दुसरी 148. दहा कागद मोजले, दहाही तसेच. मी नोकरीभर भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीनमोजणीवाला होतो. गुंठा म्हणजे 33 फुटांचा चौरस. याच प्रमाणात गुंठ्याची एक बाजू कमी केली तर सव्वापाच इंच जातात. आमच्या दापोली तालुक्यात सव्वापाच इंचांपायी गडगे (हद्दीच्या दगडी भिंती) पाडलेले आणि सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिलेत. त्यामुळे एवढ्याशाने काय होतं, हे मला कुणी विचारू नये.

काय होतं ते सांगतो. नातीला जपानी क्रौंच करायचा होता. कर्णावर दुमडताना टोकाला टोक भिडायला हवं. इथे एका कडेने पांढरी चिंधी डोकावते. पुढच्या प्रत्येक घडीत ती चूक पुढे सरकते आणि चोचीपर्यंत पोचताना चोचच बोथट होते. पोरगी आठ वर्षांची, तिसऱ्या पक्ष्याला रडकुंडीला आली. "आजोबा, माझंच चुकतंय ना?" त्या वाक्यावर मी कंपनीला फोन लावला.

पहिल्या फोनला मोजपट्टीसकट फोटो मागितले. पाठवले. दुसऱ्या फोनला उत्तर मिळालं, "सर, हाताने दुमडताना एवढं चालतं." तिसऱ्या फोनला पुढच्या पाकिटावर दहा टक्के सूट देऊ केली. पुढचं पाकीट मागितलं होतं कुणी?

पुस्तिकेबद्दल फार लिहीत नाही. खुणा मात्र नीट आहेत. तुटक रेघ म्हणजे दरीची घडी (आत खोल जाणारी), रेघ-ठिपका म्हणजे डोंगराची (वर उठणारी). ही खुणांची भाषा रुळवली जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा (1911-2005) यांनी. नकाशाची चिन्हं वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला ती लगेच कळते. नमुने मात्र हिमकण, स्नोमॅन, बर्फातलं झाड. अंजर्ल्याच्या या बाजूला थंडी म्हणजे पहाटेचं दहिवर, मोहोराचा वास आणि आजीची शाल. धाकट्या नातवाने हिमकण पाहून विचारलं, "हे फ्रीजमध्ये वरती असतं ते का?" त्यातला एक पेंग्विन तेवढा कामाचा. काळा कागद घ्यायचा, पांढरी बाजू पोटाला आपोआप येते, आणि पाच वर्षांच्या मुलालाही जमतो.

मग आम्ही आमचेच नमुने धरले. थंडीत कुरव पक्षी किनाऱ्यावर उतरतात, ते राखाडी कागदाचे केले. संक्रांतीला पतंग, तो तर पहिल्या दोन घड्यांतच होतो. आणि तिळगुळाच्या डब्या. त्यांचं वर्णन सविस्तर करतो, कारण पाकिटाचे पैसे कशाने वसूल झाले असतील तर ते यानेच.

या डबीला जपानीत मासू म्हणतात. मासू म्हणजे तांदूळ मोजायचं चौकोनी लाकडी मापटं. कागदाची चारही टोकं मध्यावर आणा, समोरासमोरच्या दोन कडा मध्यरेषेवर दुमडून उघडा, तसंच दुसऱ्या दिशेनेही, मग दोन भिंती उभ्या करून उरलेली टोकं आत घ्या. झाकणाला आणि तळाला सारखाच कागद घेतला तर झाकण बसत नाही; तळाचा कागद तीन-चार मिलिमीटरने लहान हवा. आता गंमत बघा. झाकणासाठी मी कागद 148चा चौरस केला, तळासाठी 144चा. म्हणजे कापावं लागणारच होतं, आणि त्या कापण्यात कंपनीची चूक आपसूक निघून गेली! सुताराचा गुण्या (काटकोनाची पट्टी) आणि कटर घेऊन एका दुपारी 22 डब्यांचे कागद कापले. मुलांनी घड्या घातल्या. एका डबीत चार छोटे लाडू मावतात, पण लाडवांचं तेल कागदावर उतरतं, त्याऐवजी हलवा भरा.

इथवर संक्रांतीच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. आता थोडं मागे घ्यावं लागतंय.

मोजणीत चूक दिसली तर आधी स्वतःची साखळी तपासायची, ही आमच्या खात्याची शिस्त. कागद ओल धरतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. म्हणून नव्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून दोन कागद पत्र्याच्या डब्यात आठ दिवस बंद ठेवले. बाहेर काढल्यावर मोठी बाजू 149 आणि वर जेमतेम अर्धा. म्हणजे अर्धा मिलिमीटर खाऱ्या हवेचा, दीड कंपनीचा. फोनवर मी 2 म्हणून भांडलो होतो, तेवढं चुकलं.

याच खटाटोपात कळलं की वेळही पाहावी लागते. दहिवर वाळलं की कागद कुरकुरीत होतो, जमिनीवरून येणारा मतलई वारा असेतो घडीला धार येते. दुपारी खारा वारा सुटला की तोच कागद ओल्या पापडासारखा. आता आमची बैठक सकाळी दहा ते बारा, रविवारी.

योशिझावांनी तर ओलसर कागदाच्याही घड्या घातल्या. वेळास-अंजर्ल्याला कासवांच्या विणीचा हंगाम सुरू, म्हणून धाकट्याला कासव हवं होतं. पाकिटातला कागद ओला करताच फाटला. चित्रकलेच्या जाड कागदावर ओलं फडकं फिरवून केलं आणि उन्हात ठेवलं, तर पाठ टणक झाली. तो कागद घरात पडलेलाच होता, फुकट.

फुकटावरून आठवलं. शेजारचा कोळ्यांचा मुलगा आमचा गुण्या-कटरचा संसार बघून हसला आणि कॅलेंडरचं जुनं पान घेऊन मिनिटात होडी करून ठेवली. होडीला आयत लागतो, चौरस लागतच नाही. मी काही बोललो नाही.

तर, घ्यावं का? सहा वर्षांखालच्या मुलांना पेंग्विन-पतंगापुरतं चालेल. क्रौंच करायचा असेल तर साध्या ए-फोर कागदातून 210चा चौरस काढा. 87 मिलिमीटरची पट्टी उरते, तिच्या एक-एक सेंटिमीटरच्या आठ पट्ट्या होतात. पट्टीला अलगद गाठ मारून दाबली की पंचकोन तयार, त्याभोवती उरलेली पट्टी गुंडाळायची आणि कडा नखाने दाबायच्या. फुगीर चांदणी होते. नातीने बरणीभर केल्यात.

पाकिटात 23 कागद शिल्लक आहेत, बहुतेक राखाडी. कुरव अजून महिनाभर तरी किनाऱ्यावर असतील.