२४ हजार घालवून वाढल्या दोन फ्रेम

मी पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे. समोरच्याचा सातबारा, पगारपत्रक, जामीनदाराची सही, सगळं उलटून पालटून बघायचं, हेच रोजचं काम. पानावर शिक्का जरा पुसट दिसला तरी मी अर्ज परत पाठवतो. अशा माणसाला एका कॉम्प्युटरच्या दुकानदारानं भर दुपारी, चहा पाजून गंडवलं. ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितोय, कारण त्यानं ज्या पद्धतीनं गंडवलं ती पद्धत बऱ्याच दुकानांत चालत असणार.

आमची पिढी सायबर कॅफेत तासाला १५ रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक खेळलेली. ते वेड गेलं नाही. लेक झोपली की रात्री दहा ते साडेअकरा मी आणि मिरजेचे दोन जुने दोस्त अजून खेळतो. त्यासाठीच २०२० मध्ये मशीन बांधून घेतलं होतं: इंटेलचा आय-फाइव्ह ९४००एफ, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, म्हणजे पट्टी. "दुसरी स्टिक मागनं टाका साहेब, आत्ता चालतंय की," असं तेव्हा दुकानदारच म्हणाला होता. हे वाक्य लक्षात ठेवा.

तीन वर्षं काही तक्रार नव्हती. मग २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक २ आला आणि जुन्या गेमची जागा त्यानं घेतली. जुन्यात दोनशेच्या आसपास एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) मिळायचे, नव्यात ९५. तेही चालले असते, पण कोपऱ्यावर तीन-चार जण एकदम आले की आकडा चाळिशीत यायचा आणि चित्र अडखळायचं. मी मेलेला असायचो आणि कुणी मारलं ते नंतर दिसायचं.

दिवाळीचा बोनस हातात होता. सीपीयू उचलला आणि त्याच दुकानात गेलो.

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, मोबाइलवर एक साइट उघडली. प्रोसेसरचं नाव टाकलं, कार्डाचं नाव टाकलं. लाल अक्षरात आलं: ग्राफिक्स कार्ड २८ टक्के कमी पडतंय. मग म्हणाला, "साइटवर नका विश्वास ठेवू, डोळ्यांनी बघा." माझं मशीन जोडून त्यानं फरमार्क लावलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, त्यात स्क्रीनवर एक केसाळ कडं गरगर फिरत असतं, दिसायला केस उगवलेल्या मेदूवड्यासारखं. कोपऱ्यात आकडा: जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्डच) ९९ टक्के. तापमान चढत चाललेलं, पंखा घोंघावतोय.

"बघा. तोंडाला फेस आलाय त्याच्या."

मला पटलं. कुणालाही पटेल. ९९ टक्के म्हणजे बैल पार थकला, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात शिरला. पण फरमार्क बनवलंयच मुळी कार्डाला ९९-१०० टक्क्यांवर न्यायला. उद्या बाजारातलं सगळ्यात महाग कार्ड लावलं तरी तो वडा त्यालाही ९९ वरच नेणार. तो कार्डाची सहनशक्ती तपासतो. कार्ड तुमच्या गेमला कमी पडतंय का, ही वेगळीच गोष्ट आहे.

आणि आता मागे वळून बघताना सगळ्यात जास्त कशाचा राग येत असेल तर याचा, की त्या तासाभरात त्यानं मला एकदाही विचारलं नाही की साहेब, तुम्ही गेम कोणता खेळता.

सौदा असा ठरला. आरटीएक्स ३०६०, किंमत २८,५००. माझं जुनं कार्ड ४,५०० ला जमा. वरचे २४ हजार रोख. "पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी लागतोय बघा," म्हणाला, आणि मी, कर्जदाराकडं प्रत्येक पावती मागणारा माणूस, कच्च्या चिठ्ठीवर तयार झालो. चिठ्ठीवर एवढंच: '३०६० कार्ड १ नग'. खोका नव्हता. "ट्रे पॅक आलंय, वॉरंटी माझ्याकडं." निघताना त्यानं एक गाड्या पळवायचा गेम सगळं ग्राफिक्स वर ठेवून चालवून दाखवला. जुन्या कार्डावर ४८ एफपीएस, नव्यावर ६६. मी खूश होऊन घरी आलो. तो गेम मी आयुष्यात कधी खेळलेलो नाही.

रात्री काउंटर-स्ट्राइक लावला. ९७.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले. विंडोज नवीन टाकली, त्यात दोन रात्री गेल्या. ९७. कोपऱ्यावरचं अडखळणं तसंच. आठवड्यानं पुन्हा दुकानात गेलो, तर पठ्ठ्याला जरासुद्धा नवल वाटलं नाही. तीच साइट, त्यात नवीन कार्डाचं नाव. आता लाल अक्षरात आलं, प्रोसेसर ३४ टक्के कमी पडतोय! "कार्ड जोरात झालं ना आता, त्याला प्रोसेसर पुरंना. बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदलू, ३२ हजारांत बसवतो." मी मान हलवली, म्हणालो संक्रांतीनंतर बघू. घरी बायकोला आकडा सांगितला तर तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

संक्रांतीला भाचा आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्यापुढं रडगाणं गायलो तर म्हणाला, "मामा, कार्ड किती टक्के चालतंय गेममध्ये?" मी म्हटलं ९९. "वड्यात नव्हे, तुमच्या गेममध्ये." ते मी बघितलंच नव्हतं.

त्यानं आधी एफपीएसवरची सगळी बंधनं काढली. व्ही-सिंक (एफपीएस स्क्रीनच्या वेगाला बांधून ठेवणारी सेटिंग) बंद, आणि गेमच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एफपीएस मॅक्स शून्य. मर्यादा लावलेली असली तर प्रोसेसर आणि कार्ड दोघंही निवांत दिसतात आणि चाचणी फुकट जाते. मग एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकून खेळताना कोपऱ्यात आकडे दिसतील असं केलं. हे फुकट मिळतं, आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. मी खेळलो, त्यानं आकडे वाचले. कार्ड ५२ टक्के. कधी ४८, कधी ५५. २४ हजारांचं कार्ड निम्मा वेळ बसून होतं.

"आता रिझोल्युशन उतरवा."

१०८० वरून ७२० वर आणलं. १०८० ला कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात, ७२० ला ९.२ लाख. कामच निम्म्याहून कमी. कार्ड अडवत असतं तर एफपीएस भसकन वर जायला हवे होते. गेले ९८ वर. चित्र पार भुरकट झालं आणि आकडा जागचा हलला नाही. भाचा हसायला लागला. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, एक रुपया लागत नाही, आणि जुनं कार्ड देऊन टाकायच्या आधी मी ती घरी केली असती तर हा लेखच लिहावा लागला नसता.

आमच्याकडं ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय त्याला यातली मेख लगेच कळेल. चरकात ऊस पिळायचा, रस काहिलीत जायचा, खाली चुलाण पेटलेलं. प्रोसेसर म्हणजे चरक. कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, पावलांचा आवाज कुठून यायला पाहिजे, हा सगळा हिशोब तो करतो आणि काय काय रंगवायचं ते कार्डाला कळवतो. कार्ड म्हणजे काहील, ते रंगवतं. चरकातून रसच बारीक धारेनं येत असेल तर दुप्पट मोठी काहील आणून गूळ वाढत नाही. चुलाण ढणाढणा पेटलेलं आणि गुळव्या आपला विडी ओढत बसलाय, असं होतं. दुकानदारानं मला काहील विकली होती.

उलटंही असतं, हेही सांगायला हवं. तुमच्या गेममध्ये कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल आणि रिझोल्युशन उतरवल्यावर एफपीएस चांगले वाढत असतील, तर कार्डच कमी पडतंय, दुकानदार खरं बोलतोय. त्या गाड्यांच्या गेममध्ये तसंच होतं, म्हणून ४८ चे ६६ झाले. एकाच मशीनवर एका गेममध्ये कार्ड अडवतं आणि दुसऱ्यात प्रोसेसर. माझ्याच गेममध्ये समोर धुराचा बॉम्ब फुटला की कार्डाचा आकडा वर चढतो आणि धूर विरला की पुन्हा खाली येतो. हे असं असताना ती साइट दोन नावांवरून एकच टक्केवारी कुठून काढते, देव जाणे. रॅमच्या स्टिक किती ते तर तिथं कुणी विचारलंच नाही.

मला वाटलं, म्हणजे प्रोसेसरचे ३२ हजार घालावे लागणार. तसं दिसतही होतं. एकूण प्रोसेसर साठ-पासष्ट टक्के, पण भाच्यानं एकेक कोर (प्रोसेसरमधला एकेक कामगार म्हणा) वेगळा दाखवला तर एक कोर सतत नव्वदीच्या पुढं. (एकूण आकड्यावर जाऊ नका. सहा कोरांतला एकच पूर्ण भरला तर एकूण आकडा १७ टक्के दिसतो, आणि गेम तर त्या एकावरच अडलेला असतो.) भाचा मात्र घाई करेना. त्यानं टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं. ८ पैकी ७.५ जीबी भरलेली. खाली लिहिलेलं, वापरलेले स्लॉट: २ पैकी १.

"मामा, चरकाला ऊसच मिळंना की. एकच बैलगाडी आहे."

रॅमची एक स्टिक म्हणजे एक चॅनल, माल यायचा एकच रस्ता. २६६६ वेगाच्या एका स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त २१ जीबीच्या आसपास माल येतो, जोडीनं लावल्या तर ४२ च्या पुढं. स्टिक भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर टाकते, तो परत आणेपर्यंत चित्र अडखळतं, आणि मी मरतो. त्यात गंमत अशी, की रॅमची वाट बघत थांबलेला कोरही विंडोजच्या आकड्यात कामात असल्यासारखाच दिसतो. म्हणून दोष प्रोसेसरवर येतो आणि नवीन प्रोसेसर-बोर्ड खपतात.

दुसऱ्या दुकानातून ८ जीबीची तशीच स्टिक आणली. १,७०० रुपये, पक्क्या बिलासकट. मधला एक स्लॉट सोडायचा वगैरे भानगड माझ्या बोर्डात नव्हती, दोनच स्लॉट. त्याच नकाशावर, त्याच सेटिंगला १३६ एफपीएस. कोपऱ्यावर गर्दी झाली तरी ऐंशीच्या खाली येईना. कार्ड अजूनही सत्तर टक्क्यांवरच, म्हणजे शेवटी अडवतोय प्रोसेसरच, पण १३६ ला अडवतोय आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. जुनं १६६० सुपर या वेगाला पुरलं असतं का? भाच्याच्या मते सेटिंग थोडी उतरवून आरामात. खात्री करायला ते कार्ड कुठाय?

जाता जाता त्यानं जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवून बघितलं. त्यातलं दुखणं निराळंच. ३०६० दोन जातींचं येतं. २०२१ मध्ये आलेलं मूळचं १२ जीबीचं, त्यात मेमरीकडं जायची वाट १९२ बिट रुंद. नंतर २०२२ मध्ये त्याच नावानं ८ जीबीचं आलं, त्याची वाट १२८ बिटची, त्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबीवरून २४० वर आलेला. कोर तेवढेच, पण चालायला मंद. मला भाव लावला होता १२ चा, तोंडानं सांगितलंही १२, आणि आत निघालं ८ चं. चिठ्ठीवर नुसतं '३०६०'. खोका नसल्याचं कारण तेव्हा कळलं.

१९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बोलणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, बिल आहे का. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही, हे मला माहीत होतं, आमच्या संस्थेवरच एकानं केस केली होती. पण रोख दिलेले पैसे, अक्षर दुकानदाराचं की पोराचं ते कळत नाही अशी चिठ्ठी, तीवर ना जीबी ना सिरियल नंबर. मी कर्जदार असतो तर असा कागद घेऊन येणाऱ्या मला मीच परत पाठवला असता. १८ टक्के वाचवायला गेलो होतो ना!

तरी शेवटचं म्हणून दुकानात गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. काउंटरच्या काचेत एक १६६० सुपर ठेवलेलं, 'टेस्टेड', ९,५०० रुपये. पंख्याच्या कडेला पिवळं बदक. माझ्या लेकीनं चिकटवलेलं. त्यानं ते काढायचेही कष्ट घेतले नव्हते.

काउंटरवर वडलांना घेऊन आलेला एक कॉलेजचा पोरगा उभा होता. समोरच्या स्क्रीनवर केसाळ वडा गरगरत होता आणि वडील पाकिटातल्या नोटा मोजत होते. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, "या साहेब, बसा, चहा सांगतो," म्हणाला.

मी त्या पोराला विचारलं, "तू गेम कोणता खेळतोस?"