मान डोलवणारा खोटा फेझंट: भिंगरीच्या पहिल्या सीझनसाठी घेतलेली डमी

डोकन्सचा 'डेडफाउल ट्रेनर' म्हणजे फोमचा मेलेला पक्षी, शिकारी कुत्र्याला पाडलेला पक्षी न चेंदता आणून द्यायला शिकवण्यासाठी. बदक, लावा, फेझंट अशा वेगवेगळ्या मापांत मिळतो; आमच्याकडे आहे तो फेझंट, म्हणजे लांब शेपटीचा, कोंबड्यासारखा रानपक्षी, नर. अंग मऊ, पाण्यावर तरंगणारं. डोकं मात्र टणक प्लास्टिकचं आणि दोरीवर सैल सोडलेलं. कुत्र्याने पक्षी तोंडात धरून गदागदा झटकला की ते डोकं गर्रकन फिरून त्याच्याच थोबाडावर बसतं. सगळी युक्ती एवढीच. आमच्याच, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्डचे ट्रेनर टॉम डोकन यांच्या डोक्यातून निघालेली ही वस्तू मला तीस डॉलरच्या आसपास पडली आणि पैसे वसूल झाले. पण कशासाठी घ्यायची आणि कधी बाहेर काढायची, हे कळलं नाही तर ती गॅरेजमध्ये धूळ खात पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही राहतो मिनेसोटाच्या नैर्ऋत्येला, मार्शलजवळ. चहूकडे मका, सोयाबीन आणि मधेमधे कमरेएवढ्या गवताचे पट्टे. यातले बरेच पट्टे सीआरपीचे, म्हणजे १९८५ च्या कायद्यापासून शेतकऱ्याला वर्षाचं भाडं देऊन सरकार दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवायला लावतं ती जमीन. फेझंट तिथे अंडी घालतात आणि थंडीत पाणथळीतल्या पाणकणसात दडून बसतात. शिकारीचा सीझन ऑक्टोबरच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी नऊला उघडतो. मारायचे फक्त नर, आणि सुरुवातीला माणशी दिवसाला दोन. मादीवर बंदूक रोखायची नाही, त्यामुळे पक्षी उडाला की तो लांब शेपटीचा रंगीत बाबा आहे की मातकट बाई, हे आधी ओळखावं लागतं.

भिंगरी ही आमची कुत्री, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची, डिसेंबरचा जन्म. म्हणजे पहिल्या सीझनला जेमतेम दहा महिन्यांची. या वयाचं कुत्रं अंगाने मोठं आणि डोक्याने पोर असतं. पक्ष्याची आवड तिला उपजतच होती, ती शिकवावी लागलीच नाही. शिकवावं लागलं ते पक्षी आणून हातात देणं. तिच्या लेखी तोंडात आलेली वस्तू तिची. मोजा असो, भेंडी असो, माझी पायताणं असोत, आधी झटकायची आणि मग पळायचं. हीच सवय पक्ष्यावर गेली तर छातीचं मांस चेंदून जातं आणि ताटात फक्त हाडांचे तुकडे येतात. इकडे अशा कुत्र्याला 'हार्ड माउथ' म्हणतात, आणि ती खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

डमी तिथे कामाला आली. घरातला अरुंद पॅसेज घेतला, दोन्ही बाजूंची दारं लावली. फेकलेली वस्तू घेऊन परत यायला एकच वाट, आणि त्या वाटेवर मी बसलेला. आधी साधी कापडी गुंडाळी, मग हा पक्षी. पहिल्यांदा तिने सवयीने झटका दिला आणि टणक डोकं गालावर आपटलं. तिने पक्षी टाकला, त्याच्याभोवती फिरली, हुंगलं आणि पुन्हा उचलला, या वेळी मधोमध. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. मला आवडलं ते नेमकं हेच. ओरडून शिकवलं असतं तर पक्षी घेऊन माझ्याकडे येण्याचाच तिने धसका घेतला असता. इथे दटावणारा मी नव्हतो, पक्षीच होता. शिवाय टोकाला धरला की उरलेलं धूड खाली लोंबतं आणि चालता येत नाही, त्यामुळे मधे धरायचं हेही ती आपोआप शिकली. देताना आमचा हुकूम 'सोड'. शेजारच्या आजोबांनाही तो आता येतो, फक्त त्यांच्या तोंडी त्याचा 'सोर्ड' होतो.

दोन पथ्यं आहेत. पिल्लाचे दुधाचे दात पडत असताना, साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, हे सुरू करू नका. हिरड्या दुखतात आणि तोंडात काही धरणं म्हणजे दुखणं अशी गाठ मनात बसते. दुसरं, ही डमी खेळणं म्हणून कुत्र्याकडे सोडू नका. फोम आहे, चघळला तर कुरतडला जाणारच. काम झालं की वर टांगायची. आमच्याकडे ती चपलांच्या कपाटावरच्या खुंटीला असते. उन्हाळ्यात मिरजेहून आई आली होती. तिने दार उघडताच मान टाकलेला फेझंट पाहिला आणि म्हणाली, "अरे, हे मेलेलं काय आणून टांगलंयस दारात? आज एकादशी आहे!" फोमचा आहे हे पटवायला तिच्या हातात द्यावा लागला. तिने तो दोन बोटांत धरला, तरी नंतर हात धुतलेच.

आता डमी काय करत नाही ते. पॉइंटर जातीच्या कुत्र्याचं खरं काम पक्षी आणणं नव्हे, तो उडण्याआधी वासाने हुडकून जागच्या जागी गोठून उभं राहणं, म्हणजेच 'पॉइंट'. ते फोम कसा शिकवणार? त्याला लागतात जिवंत पक्षी. आजोबांकडे पोसलेली कबुतरं आहेत, सोडली की घरी परतणारी. रिमोटवर उघडणाऱ्या पेटीत कबूतर ठेवायचं, पेटी गवतात लपवायची, आणि भिंगरीला लांब दोरीवर वाऱ्याला आडवं चालवत आणायचं. वास आला की ती खटकन वळते आणि थिजते. तिथे 'व्हो', म्हणजे थांब, म्हणायचं, तेही हळू. ती पुढे धावली की लगेच पेटी उघडायची, कबूतर भुर्रकन जातं. काही दिवसांत तिच्या लक्षात आलं की आपण हललो की पक्षी जातो, तो काही धावून पकडता येत नाही. मासे धरायच्या गळाच्या काठीला पंख बांधून अंगणात पॉइंट करवतात ते सगळे करतात, फोटोही झकास येतो, पण ते चार दिवसांचं कौतुक. त्यात कुत्रं डोळ्यांनी काम करायला शिकतं, आणि गवतात डोळे काय कामाचे?

आमच्या सांगली-जत भागात सशामागे पळणारी कारवानी कुत्री मी लहानपणी पाहिली आहेत. ती सगळी नजरेची आणि टांगांची कमाल. ससा दिसला की सुटली. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आली ते योग्यच झालं. पण ती कुत्री डोक्यात बसलेली असल्याने भिंगरीचं उभं राहणं मला पहिल्यांदा अगदीच मिळमिळीत वाटलं होतं. आता वाटत नाही.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी जिवंत पक्षी आणि पॉइंट, तोवर डमी फक्त घरात. शेतात डमी नेली की तरुण कुत्र्याचं लक्ष वाऱ्यावरून उडून तुमच्या हाताकडे लागतं, आता फेकतोय की मग फेकतोय. लॅब्राडोर असेल तर गोष्ट वेगळी, त्याचं कामच पक्षी आणणं, त्याला पहिल्यापासून द्या.

बाटलीतला फेझंटचा वास डमीत सुईने भरता येतो. मी ते थोतांड म्हणणार नाही, पण त्यापेक्षा मागच्या सीझनचा खरा पंख फ्रीझरमधून काढून रबरबँडने डमीवर बांधा. नाकाला काय खरं ते कळतं. फ्रीझरमध्ये पंख ठेवायची परवानगी मात्र ज्याची त्याने आपापल्या घरी काढावी. आमच्याकडे ते आजोबांच्या फ्रीझरमध्ये राहतात.

बंदुकीची ओळख आणि डमी एकत्र करू नका. 'घाबरतो का बघू' म्हणून पिल्लाला नेमबाजीच्या रेंजवर नेणाऱ्यांना तर हात जोडावेत. आम्ही कबूतर उडून ती त्याच्यामागे तुफान सुटलेली असताना आजोबांनी लांबून नुसत्या आवाजाचं पिस्तूल वाजवलं. तिने कान हलवला आणि धावत राहिली. मग अंतर कमी, मग मोठी बंदूक. हे सगळं जुलैच्या मध्यानंतरच. इथे १६ एप्रिल ते १४ जुलै रानात शिकारी कुत्र्याचं ट्रेनिंग करायला बंदी आहे, पक्ष्यांची वीण चालू असते. ऑगस्टचा उकाडा असतो, म्हणून पहाटे जायचं, पाण्याची बाटली आधी तिची आणि घरी आल्यावर पायाच्या बोटांतली, कानांतली कुसळं काढायची. राय नावाच्या गवताची कुसळं कातडीत शिरून आत आत सरकतात.

सीझनमध्ये पहिला नर तिने पॉइंट केला तो पाणकणसाच्या कडेला. आजोबांनी पाडला. पडला तो जिवंत होता आणि पळाला, नर फेझंट पळण्यात वस्ताद. आम्ही तिला मुद्दाम थांबवलं आणि आजोबांच्या म्हाताऱ्या कुत्रीला मागे सोडलं, कारण जखमी नराच्या पायाचा काटा पोराटोराच्या तोंडावर लागला तर ते पुढे पक्षी उचलायला कचरतं. दुसरा नर मात्र गारद होऊन पडला आणि तो तिला दिला. मधोमध धरून आणला, झटकला नाही. 'सोड' म्हटल्यावर जरा नाखुशीने सोडला. सोलताना पाहिलं, छातीवर दाताची खूण नव्हती. घरी ओल्या खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा केला. मांस कोरडं असतं, म्हणून मंद आचेवर शिजवा.

घेणार असाल तर माप तुमच्या शिकारीप्रमाणे घ्या. फेझंटला जायचं असेल तर लाव्याची छोटी डमी स्वस्त म्हणून उचलू नका. खरा नर सव्वा किलोच्या मागेपुढे भरतो, आणि छोट्यावर शिकलेलं कुत्रं एवढं धूड पहिल्यांदा पाहून नुसतं हुंगून निघून जातं. पिल्लू अगदी लहान असेल तर उलट करा, लाव्यापासून सुरू करून फेझंटवर या. पाण्यात वापरली तर वाळवून ठेवा, आणि उन्हात गाडीच्या डिकीत महिनोन् महिने टाकू नका.